दोघांनी वाचलेला आकडा

काही झालं नाही. कंपनीनं वर्तमानपत्रांना हेच सांगितलं, प्रवाशांना हेच सांगितलं, आणि आम्ही घरची माणसं विचारायला गेलो तर आम्हालाही हेच ऐकवलं. दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली, एक घाईघाईनं वर गेलं, दुसरं त्याच्या पोटाखालून निघून गेलं. कॉफी सांडली, कप गोळा करणाऱ्या एका मुलीचं मनगट मोडलं, बाकी सगळे सुखरूप घरी जाऊन जेवले. म्हणजे काही झालं नाही! ज्याचं काही जात नाही त्याचं असं म्हणायला काय जातं? माझ्या बहिणीचं मात्र त्या एका दुपारपायी या लोकांनी पार मातेरं केलं. ते कसं केलं हे मी कोणी विचारो न विचारो, सगळ्यांना सांगतो. चष्मा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगतो. बायको मागून म्हणते, आधी फ्रेम दाखवा त्यांना.

माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे डोळे तपासायची अंधारी खोली. ताई माझ्याहून मोठी, आणि ती विमानात को-पायलट आहे. पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळा चष्मा, परदेश आणि पंचतारांकित हॉटेल येतं. ताईचं विमान पंख्याचं, लहानसं. सकाळी एका गावाहून दुसऱ्या गावाला, तिथून परत, पुन्हा तिकडे, पुन्हा परत. संध्याकाळी ती बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन चढते, बूट दाराबाहेर काढते आणि आईला विचारते, मोटार लावलीस का पाण्याची? कोणी लग्नाचा विषय काढलाच तर म्हणते, ड्यूटीचा तक्ता बघून सांगते. आईनं तो विषय केव्हाच सोडला. माझी बायको अजून अधूनमधून काढते आणि तोंडघशी पडते.

ताईची एक सवय आमच्या घरात थट्टेचा विषय होती. गॅस बंद केला की ती बटणाकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायची, बंद. कडी लावली की कडीकडे बोट, लावली. आई म्हणायची, "गॅसलाच लाज वाटत असेल गं, रोज त्याच्याकडे बोट दाखवतेस." ही सवय विमानातून घरी आली होती. विमान किती उंचीवर न्यायचं हे पायलट ठरवत नाही, खालून कंट्रोलर सांगतो. त्यानं सांगितलेला आकडा पुढच्या फळीवर एका छोट्याशा खिडकीत लावायचा, म्हणजे विमान आपण होऊन त्या उंचीला जाऊन थांबतं. दोघांपैकी जो रेडिओ सांभाळतो त्यानं आकडा लावायचा, खिडकीच्या काचेवर बोट ठेवून तो मोठ्यानं म्हणायचा. मग विमान चालवणाऱ्यानंही बोट दाखवायचं आणि तोच आकडा म्हणायचा. तोवर पहिल्यानं बोट उचलायचं नाही. झालं, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर वर आणि खाली असलेली माणसं एकमेकांपासून लांब राहतात.

कित्येक कॅप्टन ते उरकून टाकायचे. खिडकीकडे न बघताच हो हो म्हणायचे. ताई बोट उचलायचीच नाही. "सर, माझं बोट दुखायला लागलं," असं हसून म्हणायची आणि समोरच्याला बघायला लावायची. कंपनीत तिला सगळे बोटवाल्या बाई म्हणत. एक तरुण कॅप्टन होता, केस फार जपायचा म्हणून त्याला हिरो म्हणत. तो ताईच्या नंतर नोकरीला लागून ताईच्या आधी कॅप्टन झालेला, आणि कॅन्टीनमध्ये तिची नक्कल करायचा. मिठाच्या डबीकडे बोट दाखवून म्हणायचा, मीठ. सगळं टेबल हसायचं. ताईही हसायची. मला सांगताना हसली नाही.

आता कंपनीचं ऐका. या कंपनीला एकच देव ठाऊक होता, तो म्हणजे वेळ. विमान उशिरा सुटलं की तो उशीर कोणाच्या तरी नावावर टाकायचा अशी तिथली रीत. बिनबापाचा उशीर चालायचाच नाही. सामानवाल्याच्या नावावर, सफाईवाल्याच्या नावावर, कॅप्टनच्या नावावर, पण एकाच्या कोणाच्या तरी टाकायचा. मग त्याला वर बोलावून चंपी. त्यामुळे खाली उभी असलेली माणसं कायम धास्तावलेली. विमान उतरायला लागलं की त्यांचा दुसऱ्या रेडिओवर तगादा सुरू व्हायचा. व्हीलचेअर किती लागणार? पुढचं विमान पकडणारे किती? कोणी आजारी आहे का? विमान खाली येताना, म्हणजे नेमकं ज्या वेळी कंट्रोलर आकड्यावर आकडे देत असतो त्याच वेळी, को-पायलटच्या एका कानात कंट्रोलर आणि दुसऱ्या कानात व्हीलचेअर. उत्तर द्यायला वेळ लागला तर त्याचीही नोटीस. ताईनं या प्रकाराबद्दल वर सांगून पाहिलं होतं. साहेब म्हणाले, तुम्हालाच बरा त्रास होतो, बाकीचे तर करतात.

हे साहेब म्हणजे उड्डाण विभागाचे प्रमुख. त्यांना सगळे इस्त्री म्हणत. शर्टाला सुरकुती नाही आणि चेहऱ्यालाही नाही.

त्या दुपारी विमान काका चालवत होते. काका म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने कॅप्टन, महिन्याभरात निवृत्त होणारे. सगळी कंपनी त्यांना काका म्हणायची आणि त्यांनी विमान टेकवलं की प्रवाशांना टेकल्याचं कळायचं नाही. ताई रेडिओवर. ताईची कॅप्टनपदाची शेवटची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. हातावरच्या तीन पट्ट्यांच्या चार होणार म्हणून आईनं आख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं.

त्या वाटेवर उतरताना एका ठरावीक ठिकाणी त्यांना रोज दहा हजार फूट मिळायचे. वर्षानुवर्षं, येता-जाता, दहा हजार. त्या दिवशी दहावर एक दुसरं विमान आडवं जाणार होतं म्हणून कंट्रोलरनं अकरा हजार दिले. ताईनं नीट ऐकलं. अकरा हजार, असं परत म्हणून दाखवलं. कंट्रोलरचं समाधान झालं. दुसऱ्या कानात खालचा माणूस व्हीलचेअर, व्हीलचेअर करून ओरडत होता. ताईनं बटण फिरवलं, बोट काचेवर ठेवलं, म्हणाली, "अकरा हजार." काकांनी बोट दाखवलं, म्हणाले, "अकरा हजार." दोन्ही बोटं खाली आली. खिडकीत दहा होते.

हाताला रोजचे दहा पाठ होते, त्यानं दहा लावले. तोंडाला आत्ताच ऐकलेले अकरा पाठ होते, ते अकरा म्हणालं. आणि डोळ्यांनी? डोळ्यांनी काहीच केलं नाही. विमान बिचारं सांगितल्या कामाचं, ते अकरा ओलांडून दहाकडे निघालं. थोड्याच वेळात कंट्रोलरनं चढ्या आवाजात विचारलं, तुमची उंची सांगा. ताईनं खिडकीकडे पाहिलं आणि तेव्हा तिला ते दहा दिसले. तितक्यात धोक्याची घंटा बोलायला लागली, वर चला, वर चला. काकांनी विमान हातात घेऊन वर ओढलं. मागे कप गोळा करणाऱ्या त्या मुलीचा तोल गेला. दुसरं विमान खालून गेलं तेव्हा त्याच्यावरची रंगाची पट्टी ताईला दिसली. इतकं जवळ.

आणि सांगायचं म्हणजे, व्हीलचेअरवाला तेव्हाही विचारतच होता.

विमान उतरल्यावर ताईनं घरी फोन केला नाही, सरळ माझ्या दुकानात आली. गणवेशातच. मी पाणी दिलं ते तिनं हातात धरून ठेवलं. म्हणाली, "मी त्याच्यावर बोट ठेवून चुकीचं वाचलं रे. बोट ठेवून." मी म्हणालो, सगळे वाचले ना? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

चौकशी लागली. इस्त्रीनं ताईला आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, गोड बोलला. कॉकपिटमधली टेप त्यानं ऐकली होती. टेपमध्ये दोघांचेही आवाज होते, दोघंही अकरा म्हणत होते. "पण बटण कोणी फिरवलं ते टेपमध्ये ऐकू येत नाही," इस्त्री म्हणाला. "कधीकधी सीनियर कॅप्टन स्वतःच हात घालतात. सवय असते. वयही असतं. तुम्ही नीट आठवा. घाई नाही. तुमची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत हा विषय मिटलेला बरा."

"आणि कंपनीचा तो व्हीलचेअरचा कॉल?" ताईनं विचारलं.

"कॉल तर रोज असतो. रोज अशी चूक होते का?"

हे मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायचं, म्हातारा घरी जाणार, फाईल बंद, कॉल चालू! पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली दुसराही एक विचार होता, की ताई यातून सुटते आहे. आणि त्याच संध्याकाळी काका स्वतः आमच्या घरी आले. तीन मजले चढून आले, बाल्कनीच्या दाराशी खुर्चीवर बसले, आईच्या हातचा चहा घेतला.

"पोरी, आकडा मी लावला असं सांगू," ते म्हणाले. "माझं काय जाणार आहे? महिन्याभरात मी बागेत पाणी घालत बसणार. तुझं आख्खं आयुष्य पडलंय. तू कॅप्टन झालीस की मला एकदा पुढच्या सीटवर बसवून ने, म्हणजे फिटलं."

मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी म्हणालो, "काका, तुम्ही देवमाणूस आहात." आईनं कप उचलले, मग तिथंच उभी राहून ताईला विचारलं, "लावला कोणी होता?"

"मी," ताई म्हणाली.

"मग?" आई म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

मी आईवर भडकलो. मग ताईवर भडकलो. काका गेल्यावर आमचं जे वाजलं ते शेजारच्यांनी दार उघडून ऐकलं. मी म्हणालो, "तुला हुतात्मा व्हायचंय का? समोरचा माणूस आपण होऊन अंगावर घेतोय, कंपनीला तेच हवंय, मग तुझं कुठं घोडं अडलंय?" ती म्हणाली, "काकांनी लावला म्हटलं की चूक म्हातारपणाची होईल. मग तरुणांच्या विमानात तेच चालू राहील. उद्या हिरोच्या कानात व्हीलचेअर ओरडेल. त्याच्या विमानात तू असशील." मी म्हणालो, "मी बसणारच नाही विमानात!" असं काहीतरी मूर्खासारखं. राग आला की मला असंच सुचतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन मागच्या खोलीत बसून होती. मी एका ट्रकचालकाचे डोळे तपासत होतो. या लोकांना परवान्यासाठी दाखला लागतो, म्हणून आधी येऊन गेलेले जोडीदार त्यांना तक्त्यावरची अक्षरं सांगून ठेवतात. मला हे ठाऊक होतं, म्हणून मी तक्ता बदलला होता. हा गृहस्थ खुर्चीत बसला आणि खालची ओळ धाडधाड वाचून दाखवली. जुन्या तक्त्यावरची. नव्या तक्त्यावर त्यातलं एक अक्षरही नव्हतं. मी त्याला चार शब्द सुनावले. तो उलट माझ्यावरच चिडला, म्हणाला, "दिसतंय तेच वाचलं मी!" आणि तणतणत गेला.

"लबाड," मी म्हणालो.

"लबाड नाही रे," ताई कोपऱ्यातून म्हणाली. "तो शपथेवर सांगेल. त्याला खरंच दिसलं ते." मग तिनं उठून त्या तक्त्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "काकांनी वाचायच्या आधी मीच मोठ्यानं अकरा म्हटलं. मग त्यांनी दुसरं काय वाचायचं? लावणाऱ्यानं गप्प बसायला हवं. बोट ठेवायचं आणि तोंड बंद. दुसऱ्यानं आधी वाचायचं, न सांगता. आम्ही इतकी वर्षं उलटंच करत आलो."

मला तेव्हा वाटलं, ही आता हे जाऊन सांगणार. तसंच झालं. चौकशीत तिनं सगळं सांगितलं. बटण मी फिरवलं, वाचलं दोघांनी, चुकलो दोघं. व्हीलचेअरचा कॉल कानात चालू होता, तो उतरताना बंद करा. आणि वाचायची पद्धत बदला. इस्त्री हे ऐकताना खिडकीबाहेर बघत होता म्हणे.

याचा निकाल काय लागला ते सांगतो, कारण इथंच माझं डोकं फिरतं. ताईची कॅप्टनपदाची तपासणी रद्द. पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा, कॅप्टनपदाचं नाव पुढची काही वर्षं काढायचं नाही. काकांच्या निरोपाचा समारंभ रद्द, कारण चौकशीत नाव आलेल्या माणसाला हार घालता येत नाही. कंपनीच्या कॉलबद्दल एक अक्षर नाही. आणि सगळ्या वैमानिकांना एक आदेश आला, की इथून पुढे उंचीचा आकडा अधिक मोठ्या आवाजात वाचण्यात यावा. मोठ्या आवाजात! दहाला अकरा म्हणणारी माणसं आता ओरडून अकरा म्हणणार, एवढाच काय तो फरक. मी ते वाचलं आणि हातातली चष्म्याची काडी मोडली. गिऱ्हाइकाची होती, नवी भरून द्यावी लागली.

काका त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. ताईनं फोन केला तर घरच्यांनी सांगितलं, झोपलेत. दर वेळी झोपलेलेच. मला आधी याचाही राग आला, मग हळूहळू समजलं. त्यांनी ताईला जे देऊ केलं होतं त्यात ते मोठ्या मनाचे कॅप्टन होते. ताईनं जे खरं सांगितलं त्यात ते फक्त समोरचा आकडा न दिसलेला म्हातारा उरले. ताई एवढंच म्हणाली, "त्यांना मी दुखावलं, ते बरोबर आहे त्यांचं." ती रडली त्या दिवशी. कॅप्टनपद गेलं तेव्हा रडली नव्हती.

मी मात्र इस्त्रीला भेटायला गेलो. ताईला न सांगता. बाहेरच्या बाकावर मला तासभर ताटकळवलं, मग आत घेतलं. मी म्हणालो, "खरं बोलली म्हणून शिक्षा आणि खोटं बोलली असती तर बढती, हा कुठला न्याय?" तो म्हणाला, "शांत व्हा. शेवटी काही झालं नाही ना?" मी टेबलावर हात आपटला. त्याच्या पाण्याचा पेला कलंडला आणि त्याच्या शर्टावर पाणी सांडलं. मी म्हणालो, "पुसून टाका. काही झालं नाही." रखवालदारानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. आयुष्यात इतकं बरं वाटलं नव्हतं मला, पण ताईचं त्यानं काहीच भलं झालं नाही, हेही तितकंच खरं.

ताई को-पायलटच्या उजव्या सीटवर परत गेली. तीन पट्ट्या. तिनं प्रत्येक कॅप्टनला सांगायला सुरुवात केली, मी आकडा लावेन आणि गप्प बसेन, तुम्ही आधी वाचा. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, नियमात नाही. आणि कंट्रोलर बोलत असला की ती कंपनीचा रेडिओ बारीक करायची. आकडा लागून वाचून होईपर्यंत कोणाला उत्तर नाही. तिला नोटिसा यायला लागल्या. ती त्या आईपासून लपवायची आणि आई त्या शोधून वाचायची.

गेल्या हिवाळ्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात. परत येताना आम्ही ताईच्याच विमानात बसलो. आईला चाकाची खुर्ची लागणार म्हणून मी तिकिटावर तसं लिहून घेतलं होतं, कंपनीला फोन करूनही सांगितलं होतं. विमान चालवत होता हिरो. मला ते कळलं तेव्हाच माझं तोंड कडू झालं. विमान छान उतरलं. दार उघडलं, शिडी लागली, सगळे उतरून गेले. आम्ही पहिल्या रांगेत बसून. खुर्चीचा पत्ता नाही. सफाईवाले चढले, पुढच्या फेरीचे प्रवासी खाली बसमध्ये येऊन थांबले, तरी खुर्ची नाही.

मी दारात जाऊन खालच्या सुपरवायझरवर जे तोंडसुख घेतलं ते इथं लिहीत नाही. तो शिडी चढून वर आला, हातात वॉकीटॉकी, कपाळाला घाम. म्हणाला, "माझ्यावर कशाला ओरडता? आम्ही वरती विचारत होतो, व्हीलचेअर किती, व्हीलचेअर किती. कॉकपिटनं उत्तरच दिलं नाही."

ताई आतून बाहेर येऊन उभी होती, मागे हिरो. तिच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना.

मग मी विचारलं, "पण तिकिटावर लिहिलंय ना खुर्ची?"

"तिकिटावर असतं," तो म्हणाला. "आमच्या यादीत पण आहे. पण कॉकपिटनं सांगितल्याशिवाय आम्ही खुर्ची हलवत नाही. तसा नियम आहे."

यादीत होतं! म्हणजे त्यांना आधीपासून माहीत असतं, रोज माहीत असतं, त्या दुपारीही माहीत होतं. ठाऊक असलेली गोष्ट ते उतरणाऱ्या विमानाच्या कानात ओरडून विचारत होते. त्यापायी दोन विमानं एकमेकांवर जाणार होती, एका मुलीचं मनगट मोडलं, काकांचा निरोप गेला, ताईचं कॅप्टनपद गेलं. माझ्या हाताच्या मुठी वळल्या. त्या घामेजल्या सुपरवायझरला बुकलून काही होणार नव्हतं, आणि ज्याला बुकलायला हवं तो इथं कधीच नसतो.

आई पहिल्या सीटवरून म्हणाली, "ओरडू नकोस रे. थांबते मी. खुर्चीत बसून वाट बघितली म्हणून कोणी मरत नाही."

वॉकीटॉकी खरखरला. खालून कोणीतरी विचारत होतं, उशीर कोणाच्या नावावर टाकायचा?

सुपरवायझरनं ताईकडे पाहिलं. रेडिओ को-पायलटकडे असतो हे सगळ्यांना ठाऊक. ताईनं बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी हिरो पुढे झाला. "दोघांच्या नावावर टाक," तो म्हणाला.

"साहेब, एकच नाव घेतात."

"मग माझ्या टाक."

"असं कसं?" ताई म्हणाली. "रेडिओ माझ्याकडे होता. उत्तर मी दिलं नाही. मी कोणाला माझ्यासाठी—"

"तू थांब गं जरा," आई म्हणाली. मग हिरोकडे वळून तिनं विचारलं, "उत्तर देऊ नको असं हिला कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं," हिरो म्हणाला. "कंट्रोलर आकडा देत होता. मी म्हटलं, आधी ते वाचून होऊ दे, कंपनी थांबेल."

ताईनं हो म्हणून मान हलवली, तसा आईनं तिचा हात धरला. "मग गप्प बस," ती म्हणाली. "हा कॅप्टन खरं बोलतोय."

सुपरवायझरनं वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि हिरोचं नाव सांगितलं.